फंक ऐकायचं तर सुरुवात कुठून करू?

साळुंकी
मंडळी, मदत हवी आहे. कन्यारत्न, वय वर्षं पंधरा, सहा महिन्यांपासून बास गिटार शिकतंय. परवा सरांनी वहीत एवढंच लिहून दिलं : "फंक ऐकणे. रोज अर्धा तास." कोणाचं, कुठलं, कशासाठी, काही नाही. विचारलं तर म्हणे, "ऐका, कळेल."
आमच्या घरात नाट्यसंगीत, भीमसेन आणि नवऱ्याच्या कृपेने आर. डी. याच्या पलीकडे मजल गेलेली नाही. शोधलं तर फंक म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ठेक्यावरचं संगीत एवढं कळलं, आणि जेम्स ब्राऊन नावाचे एक गृहस्थ सापडले. तीन मिनिटं ते नुसते हुंकार देत होते. मी गाणं सुरू व्हायची वाट बघत बसले. मग कन्येने सांगितलं की गाणं संपत आलंय.
तर जाणकारांनी सांगावं : कोण कोण ऐकायचं, कुठल्या क्रमाने, आणि ऐकताना नेमकं बघायचं काय?

गवती चहा
पहिला! फंक मारल्यावर फुंकर मारायची, एवढंच माहीत आहे. बाकी जाणकार येतीलच. खुर्ची टाकून बसलोय.

खर्जातला सा
साळुंकीताई, सर चांगले मिळालेत, सोडू नका.
ब्राऊनबाबांपासूनच सुरुवात करा, पण बाबांकडे लक्ष देऊ नका. मागे काय चाललंय ते ऐका. हा माणूस १९३३ चा, दक्षिण कॅरोलिनात जन्मला, जॉर्जियातल्या ऑगस्टा गावात वाढला. आधी गॉस्पेल (म्हणजे चर्चमधली गाणी) आणि त्यातूनच निघालेलं सोल गायचा. १९६५ च्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'पासून त्याचा बँड बदलायला लागला आणि १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'मध्ये पूर्ण बदलला. म्हणजे काय झालं? तोपर्यंत गाण्यात सूर पुढे आणि ठेका मागे असायचा. याने गिटार, ट्रंपेट, सॅक्सोफोन, स्वतःचा गळा, सगळ्यांना ड्रम करून टाकलं. गिटारवाला धून वाजवत नाही, 'चिक्-चिका' करतो. ब्रासवाले, म्हणजे ट्रंपेट-सॅक्सोफोन फुंकणारे, एक फटका मारतात आणि गप्प बसतात. प्रत्येकाचा तुकडा छोटासा, एकटा ऐकला तर वेड्यासारखा वाटेल. सगळे एकात एक बसले की यंत्र सुरू होतं.
आणि हे सगळं बांधलेलं असतं 'वन'ला. चार ठोक्यांतला पहिला. बाकी तीन ठोक्यांत कुठेही भटका, 'वन'ला सगळ्यांनी घरी यायचं. कन्येला सांगा, पहिले आठ दिवस फक्त तो 'एक' शोध.

तिरकीट
म्हणजे सम की हो! आम्ही तबलजी लोक हे जन्मापासून करतोय. उगाच इंग्रजी नावं.

खर्जातला सा
तिरकीट, मलाही आधी तसंच वाटायचं. पण फरक आहे. समेवर तुम्ही *येता*. सोळा मात्रांचा प्रवास, नववीला खाली, मुखडा पकडायचा, मग समेवर पडल्यावर लोकांच्या माना हलतात. मजा त्या वाट बघण्यात असते. फंकमध्ये 'वन' दर दोन सेकंदांनी येतो, कसली वाट बघणार? तिथून *निघायचं* असतं. उडी मारायची फळी समजा.

तिरकीट
हम्म. बसून ऐकतो. घाईने बोललो असेन तर मान्य करेन.

ओंडका
माझं मत थोडं कडू आहे, हलकेच घ्या. मी अमेरिकेत चार वर्षं होतो, रूममेट हेच लावायचा. एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तेच तीन-चार सूर. एकच. आठ मिनिटं. याला संगीत म्हणायचं तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपालाही म्हणावं लागेल.

केवडा
ओंडका, मग तानपुऱ्याचं काय करायचं? तोही आयुष्यभर तेच बोलतो.

ओंडका
तानपुरा मागे असतो, बाई. पुढे कोणीतरी गात असतं.

खर्जातला सा
ओंडका, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय :) कॉर्ड बदलत नाही ते मुद्दामच. कॉर्ड बदलली की कान तिकडे पळतो, कुठे निघालो म्हणून. ती जागेवर ठेवली की कानाला दुसरं काम उरत नाही, तो ठेक्याच्या फटी मोजायला लागतो. 'कोल्ड स्वेट'ची बांधणी करणारा पी वी एलिस हा जॅझमधला माणूस. तिथल्या ब्रासच्या तुकड्यामागे जॅझमधला ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस याच्या 'सो व्हॉट'ची सावली आहे, असं त्यानेच सांगितलंय. कॉर्ड येत नाहीत म्हणून एका कॉर्डवर बसणारी ही माणसं नव्हती.

पाचवा मजला
ब्राऊनच्या शिस्तीचे किस्से राहिले. स्टेजवर नाचता नाचता कोणाची चूक कानावर आली, बूट पॉलिश नसले, की गिरकी घेताना बोटं दाखवायचा. लोकांना वाटायचं नाचातला हातवारा आहे. तो दंड असायचा. एक बोट म्हणजे अमुक डॉलर.
याचाच परिणाम म्हणून मार्च १९७० मध्ये जॉर्जियातल्या कोलंबसच्या कार्यक्रमाआधी बँडने बंड केलं. याने काय करावं? सिनसिनाटीला विमान पाठवून तिथल्या पोरांचा एक बँड उचलून आणला. पोरं तालमीशिवाय थेट स्टेजवर. त्यात बासवर होता बूट्सी कॉलिन्स, वय १८, आणि गिटारवर त्याचा थोरला भाऊ 'कॅटफिश'. काही आठवड्यांत याच पोरांना घेऊन 'सेक्स मशीन' रेकॉर्ड झालं. साळुंकीताई, नावावर जाऊ नका, बास ऐकायला द्या. तुमच्या लेकीपेक्षा तीनच वर्षांनी मोठा होता तो.

साळुंकी
अहो, नाव वाचून माझ्या सासूबाईंनी टॅबच काढून घेतला असता. हेडफोन लावून ऐकते.
पण बास खरंच कळला यावेळी! म्हणजे असं वाटलं की तो बोलतोय आणि गाणारा नुसता "हो, हो" म्हणतोय.

गवती चहा
आमच्या घरातही असंच चालतं. मी गाणारा.

अक्कलखाते
मोठ्या माणसांत बोलतोय, माफी. मी हिपहॉपवाला. तुम्ही लोकांनी 'फंकी ड्रमर'चं नाव अजून घेतलं नाही? नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीत रेकॉर्ड झालेलं, ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राऊन सगळ्यांना थांबवतो आणि ड्रमरला बजावतो, सोलोबिलो काही करू नकोस, जे चाललंय तेच चालू दे. मग तो एकटा, वीसेक सेकंद. हाय-हॅट (पायाने मिटायच्या झांजा) अशी पातळ, सुपारी कातरल्यासारखी, आणि मधे स्नेअर नावाच्या छोट्या ड्रमचे इतके हलके ठोके की मोठ्या स्पीकरवर ऐकले तरच सापडतात.
पुढे सॅम्पलर (जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून परत परत वाजवणारं यंत्र) आल्यावर या वीस सेकंदांवर निम्मं हिपहॉप उभं राहिलं. पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपचं १९८९ चं 'फाइट द पॉवर' घ्या. गाण्याचं श्रेय कागदावर ब्राऊनचं, त्यामुळे क्लाइडला त्या सॅम्पलांचं जवळपास काही मिळालं नाही. २०१७ ला गेला. आजारपणात प्रिन्स या गायकाने गुपचूप त्याच्या हॉस्पिटलची मोठी रक्कम भरली होती, हे नंतर बाहेर आलं.

तिरकीट
अक्कलखाते, माफी कसली. हा प्रतिसाद वाचून ते वीस सेकंद सलग चाळीस वेळा लावले. मी तीस वर्षं तबला शिकवतो. ते जे हलके ठोके म्हणताय ना, तसे आम्ही डग्ग्यावर मनगट सरकवताना मधे भरतो, ऐकणाऱ्याला कळू नयेत पण काढले तर कळावं असे. या माणसाच्या डाव्या हाताला दंडवत.
आणि खर्जातला सा, आपला मुद्दा मान्य. सम नव्हे. तिथे पोचल्यावर माझी मान हलत नाही, पाय हलतो.

जर्सीची काकू
हा धागा बघून लॉगिन केलं, दोन वर्षांनी!
न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहते. इथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर प्लेनफील्ड नावाचं गाव आहे. त्या गावात पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी जॉर्ज क्लिंटन नावाचा एक पोरगा केस कापण्याच्या दुकानात काम करायचा आणि गिऱ्हाईक नसलं की चारपाच मित्रांबरोबर गायचा. बँडचं नाव पार्लमेंट्स. पुढे नावावरून कोर्टकचेरी झाली तेव्हा मागे वाजवणाऱ्या पोरांचं नाव लावलं फंकाडेलिक, आणि नंतर जुनं नाव परत मिळालं तेव्हा तेही ठेवलं! म्हणजे माणसं तीच, दुकानं दोन. पार्लमेंटमध्ये ब्रास आणि नाच, फंकाडेलिकमध्ये गिटारचा धूर.
फंकाडेलिकचं १९७१ चं 'मॅगट ब्रेन' एकटं असताना ऐका. दहा मिनिटांचं, जवळजवळ सगळं एडी हेझेलचं गिटार. क्लिंटनने त्याला सांगितलं होतं, तुझी आई गेल्याची बातमी आत्ता आलीये असं समजून वाजव. मी पहिल्यांदा गाडीत ऐकलं, टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवर, माझी एक्झिट चुकली.
आणि पार्लमेंटचं 'मदरशिप कनेक्शन', १९७५. काळी माणसं अवकाशयानातून उतरतात ही कल्पना. १९७६ पासून स्टेजवर खरोखर मोठं यान उतरायचं, धूर, दिवे, आतून क्लिंटन. ते मूळ यान पुढे भंगारात गेलं. नंतर बनवलेलं दुसरं आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. मी बघून आले. मुलगा म्हणाला, "आई, हे तर ॲल्युमिनियमचं पिंप आहे." त्याला चिवडा दिला नाही परतीच्या वाटेवर.

भटक्या
काकू, चिवड्याची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका.

जर्सीची काकू
पातळ पोह्यांचा की भाजक्या?

भटक्या
भाजक्या. डाळं जास्त.

पाचवा मजला
संपादक मंडळ, धागा वाहवत चाललाय.
काकूंच्या प्रतिसादाला जोड : त्या यानात ब्राऊनकडून पळालेले बरेच होते. बूट्सी १९७२ ला आला, नंतर सॅक्सोफोनवाला मेसिओ पार्कर आणि ट्रॉम्बोनवाला फ्रेड वेस्ली. ब्राऊनकडून 'वन' शिकायचा आणि क्लिंटनकडे जाऊन तारे जडवलेला चष्मा घालायचा, असा तो प्रवास. कीबोर्डवर बर्नी वॉरेल, तोही प्लेनफील्डचा, पाश्चात्त्य शास्त्रीय शिकलेला. 'फ्लॅश लाइट'मध्ये जो जाडजूड बास ऐकू येतो तो बास गिटारचा नाहीच, बर्नीचा मिनिमूग सिंथेसायझर आहे. लेकीला सांगू नका, आधी शोधू द्या.

केवडा
सगळं वाचतेय, मजा येतेय. पण एक विचारू? चाळीसेक प्रतिसादांत बाई एकही नाही, काकू आणि साळुंकी सोडून.

खर्जातला सा
चाळीस अजून झालेले नाहीत, पण मुद्दा खरा आहे. आणि उत्तर आधी द्यायला हवं होतं. बेटी डेव्हिस. १९६८ च्या सुमारास वर्षभर माइल्सची बायको, आणि त्याला गिटारवाला हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन ऐकायला लावणारी हीच. १९७३ चा तिचा पहिला अल्बम, गाणी तिची स्वतःची, ड्रम आणि निर्मिती ग्रेग एरिकोची, बासवर लॅरी ग्रॅहॅम. आवाज गोड अजिबात नाही, भांडल्यासारखा. रेडिओला झेपलं नाही, विक्री झाली नाही, काही वर्षांत तिने गाणं सोडलं आणि पिट्सबर्गजवळ निवांत राहिली. २०२२ ला गेली. ब्राऊनकडे लिन कॉलिन्स होती, रूफस बँडमध्ये चाका खान. आणि स्लायच्या बँडमध्ये ट्रंपेटवर सिंथिया रॉबिन्सन. बाई गायला नव्हे, ट्रंपेटला, १९६६ मध्ये!

केवडा
बेटी डेव्हिस लावलं. नवरा स्वयंपाकघरातून विचारतोय, "काय झालं, कोणाशी भांडतेयस?"
आवडलं.

अक्कलखाते
स्लाय कोणीतरी नीट सांगा ना. मला नाव माहीत आहे, जून २०२५ मध्ये गेला तेव्हा सगळीकडे पोस्टी होत्या.

खर्जातला सा
स्लाय अँड द फॅमिली स्टोन, सॅन फ्रान्सिस्को. काळे-गोरे, बाया-पुरुष एकाच स्टेजवर, त्या काळात हे नुसतं दिसणंसुद्धा विधान होतं. सुरुवातीची गाणी आनंदी, सगळे एक होऊ या थाटाची. १९६९ ला वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात पहाटे साडेतीन-चारला चिखलातल्या लाखो लोकांना उठवून नाचवलं. आणि मग १९७१ चा 'देअर्ज अ रायट गोइंग ऑन' : तोच माणूस, पण आवाज दमलेला, टेप इतक्यांदा पुसून वापरलेली की सगळं गढूळ, कितीतरी ठिकाणी माणसाऐवजी ड्रम मशीन. मधल्या काळात मार्टिन ल्यूथर किंग गेले होते, नशा घरात शिरली होती. ते ओळीने ऐकलं तर साठीचं दशक संपताना ऐकू येतं.
पण साळुंकीताई, तुमच्या कामाची गोष्ट या बँडच्या बासवाल्याची. लॅरी ग्रॅहॅम. पोरवयात आईबरोबर क्लबात वाजवायचा. आई पियानो आणि गाणं, हा बास. एक दिवस ड्रमर सोडून गेला, दुसरा ठेवायला परवडेना. मग हा काय करणार? अंगठ्याने जाड तार ठोकायची, तो झाला खालचा मोठा ड्रम. बोटाने बारीक तार खेचून सोडायची, ती फटकन फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) आपटते, तो झाला स्नेअर. आज जगभर ज्याला स्लॅप म्हणतात ते असं गरजेतून आलं. तो स्वतः त्याला ठोकणं आणि खेचणं म्हणायचा. १९६९ च्या शेवटी आलेल्या 'थँक यू'मध्ये स्वच्छ ऐकू येतं.
अंगठा सपाट ठेवायचा नाही. मनगट दाराची कडी फिरवल्यासारखं फिरवायचं, पेराच्या हाडाची बाजू तारेवर पडली पाहिजे, पडली की लगेच उचलायची. पहिले पंधरा दिवस फोड येणार. येऊ द्या.

साळुंकी
फोड आलाय! कालच! मला वाटलं इस्त्रीचा चटका.

ओंडका
मी हार मानलेली नाही, पण विचारतो : यात सूर असलेलं काहीच नाही का?

पाचवा मजला
आहे की. स्टीव्ही वंडर, १९७२, 'सुपरस्टिशन'. सुरुवातीचे ड्रमही त्यानेच वाजवलेत. वरचा तो खरखरीत आवाज गिटार नाही, क्लॅव्हिनेट : कळ दाबली की तिच्याखालचं रबराचं टोक तारेला पट्टीवर दाबतं. हर्बी हॅनकॉकचं 'हेड हंटर्स', १९७३, जॅझवाल्यांनी नाकं मुरडली आणि लोकांनी दहा लाखांवर प्रती घेतल्या. अर्थ, विंड अँड फायर तर लग्नात वाजतं. एवढं पुरे, ओंडक्यासाठी जास्त खर्च नको.

जर्सीची काकू
न्यू ऑर्लिन्सचे द मीटर्स विसरू नका हो! चार जण, 'सिसी स्ट्रट', १९६९, गाणारा कोणी नाही. ड्रमर झिगाबू मॉडेलिस्ट. त्या गावात प्रेतयात्रेत बँड असतो, परतताना चाल बदलते आणि मागचे लोक रुमाल, छत्र्या घेऊन नाचत येतात. तो 'सेकंड लाइन'चा ठेका सगळ्या गाण्यात भरलाय. ब्राऊनचं यंत्र घट्ट, यांचं सैल. दोन्ही चालतं.

तिरकीट
आता माझी पाळी. शोधता शोधता तबला सापडला! माइल्स डेव्हिसचा १९७२ चा 'ऑन द कॉर्नर'. तबल्यावर बादल रॉय, मूळचे आजच्या बांगलादेशातले. न्यूयॉर्कला शिकायला गेले, तिथे हॉटेलात वाजवायचे, तिथून गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिन याच्याशी ओळख आणि मग माइल्स. स्टुडिओत काय वाजवायचं हे कोणी सांगेना, माइल्सने एवढंच म्हटलं, तू सुरू कर. आणि त्यांनी केलं. ठेका सुरू झाल्यावर बाकीचे आत शिरले. भोवती बास एकच तुकडा वाजवतोय, वाजवतोय, थांबतच नाही. आमच्या गुरुजींनी ऐकलं असतं तर छडी काढली असती. मी तीनदा ऐकलं.

भटक्या
आपल्याकडचं म्हणाल तर 'डॉन'मधलं आशाबाईंचं 'ये मेरा दिल' परत ऐका, १९७८, कल्याणजी-आनंदजी. आणि २००५ मध्ये ब्लॅक आय्ड पीजने 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'साठी तेच उचललं. इंग्रजीत फंक 'एफ'ऐवजी 'पी-एच'ने लिहून. आपली आशा सांगलीची, गाणं गेलं लॉस एंजेलिसला.

ओंडका
हे मला आवडतं. हे फंक आहे हे आधी सांगायचं होतं.

पाचवा मजला
जाता जाता : स्कॉटलंडच्या गोऱ्या पोरांच्या एका फंक बँडचं नाव होतं ॲव्हरेज व्हाइट बँड. १९७४ चं त्यांचं 'पिक अप द पीसेस' गाजलं. ब्राऊनच्या माणसांनी त्यावर उत्तराचं गाणं काढलं, बँडचं नाव लावलं ए. ए. बी. बी. म्हणजे 'अबव्ह ॲव्हरेज ब्लॅक बँड'.

गवती चहा
हा खरा प्रतिसाद-युद्धाचा आदर्श. संपादकांनी नोंद घ्यावी.

केवडा
एक गंभीर गोष्ट राहून गेली. ५ एप्रिल १९६८, किंगच्या हत्येचा दुसरा दिवस. देशात जाळपोळ. बॉस्टनमध्ये ब्राऊनचा कार्यक्रम ठरलेला होता. रद्द करावा की नाही यावर खल झाला आणि शेवटी तो टीव्हीवर थेट दाखवला, म्हणजे लोक घरी बसतील. शेवटाकडे पोरं स्टेजवर चढायला लागली, गोरे पोलीस ढकलायला पुढे आले. ब्राऊनने पोलिसांना मागे व्हायला सांगितलं आणि पोरांशी स्वतः बोलला. ते चित्रण बघितलं काल. त्याच वर्षी त्याने 'काळा आहे आणि अभिमान आहे' हे लहान मुलांच्या तोंडून म्हणवून घेतलं. हे हुंकार कुठून येतात ते तेव्हा मला कळलं.

साळुंकी
सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी वृत्तांत देते.
वहीत यादी चिकटवली : ब्राऊन, मीटर्स, स्लाय, पार्लमेंट, बेटी, हर्बी. बादल रॉय मी माझ्यासाठी ठेवले. 'फ्लॅश लाइट'चा बास कन्येने दोन दिवस गिटारवर काढायचा प्रयत्न केला, मग रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, ही गिटार नाहीच आहे!" मी पाचव्या मजल्यांकडे बोट दाखवून मोकळी झाले.
काल सरांनी तिला 'वन' दिला. म्हणजे एकच सूर, पहिल्या ठोक्यावर, बाकी तीन ठोके हात तारेवर ठेवून गप्प. दहा मिनिटं. तिने बाल्कनीचं दार उघडं ठेवून, ॲम्पवर वाजवलं. सहाव्या मिनिटाला मी पोळ्या लाटत होते ती लाटणं त्याच ठोक्यावर टेकवायला लागले, माझ्या लक्षातही आलं नाही.
आठव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचे काका वर आले. दारातून विचारतात, "झालं का ट्यूनिंग? मग गाणं कधी सुरू होणार?"

ओंडका
काकांचा आयडी काय आहे? सदस्य करून घ्या.